मऊ गादी, कठीण डॅशबोर्ड : मोठ्या अमेरिकन गाड्यांकडून शिकलेला धडा

आमचे एक जुने पेशंट आहेत. वय ७८, निवृत्त शिक्षक. रक्तदाबाच्या तपासणीसाठी दर दोन महिन्यांनी येतात आणि थोड्या गप्पा मारून जातात. मागच्या वेळी त्यांच्या मुलाने घेतलेल्या नव्या गाडीचा विषय निघाला. काका म्हणाले, "डॉक्टर, या आताच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे. आमचे मामा मुंबईत एका शेठजींकडे ड्रायव्हर होते. त्यांची प्लायमाउथ होती, अमेरिकन. आत बसलं की दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटायचं. खड्डा कळायचा नाही. आणि दणकट इतकी, की भिंतीवर आदळली तर भिंत पडेल!"

काकांचे म्हणणे तुम्हीही कुणाच्या तरी तोंडून ऐकले असेल. जुनी गाडी, जाड पत्रा, मोठे बॉनेट, म्हणून सुरक्षित. अमेरिकेतही लाखो गाडीमालकांना हेच वाटत होते. त्यांच्या त्या वाटण्याचे पुढे काय झाले, हा वैद्यकशास्त्राच्या इतिहासाचाही भाग आहे, कारण हे वाटणे तपासून पाहणाऱ्यांमध्ये डॉक्टर बरेच होते. म्हणून आजचा लेख गाड्यांवर असला तरी आरोग्याचाच आहे.

दिवाणखाना चाकांवर

'फुल साइझ सेडान' म्हणजे अमेरिकेतली सर्वांत मोठ्या आकाराची, चार दारांची, मागे वेगळी डिकी असलेली कुटुंबाची गाडी. शेव्हरोलेची बेल एअर आणि इम्पाला, फोर्डची गॅलक्सी, प्लायमाउथची फ्युरी ही त्यातली गाजलेली नावे. १९५९ च्या बेल एअरची लांबी होती साधारण ५.३ मीटर. त्याच वर्षीची कॅडिलॅक तर ५.७ मीटर लांब होती आणि मागे माशाच्या परांसारखे उंच पत्रे होते. पुढे सोफ्यासारखे सलग आसन, त्यावर तिघे आरामात बसत. १९६५ या एका वर्षात इम्पाला दहा लाखांहून अधिक विकल्या गेल्या.

या गाड्या मुंबईला अनोळखी नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये स्वातंत्र्यानंतर डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो जुळवल्या जात. पुढे सरकारी धोरण बदलले, परदेशी गाड्या कमी झाल्या आणि रस्त्यावर फियाट आणि अॅम्बॅसडर राहिल्या. काकांच्या मामांची प्लायमाउथ त्या आधीच्या काळातली.

अमेरिकेत 'पॉप्युलर मेकॅनिक्स' नावाचे मासिक गाडीमालकांना प्रश्नावली पाठवून काय आवडले, काय आवडले नाही ते विचारत असे आणि उत्तरे छापत असे. वाचकांना हे सदर आवडे, कारण कंपनीच्या जाहिरातीपेक्षा शेजाऱ्याच्या मतावर आपला विश्वास जास्त. मोठ्या गाड्यांच्या मालकांना सर्वांत प्रिय गोष्ट म्हणजे त्यांची चाल: मऊ, शांत, न थकवणारी.

हे मालक खोटे बोलत नव्हते. गाडी खरोखरच आरामशीर होती. तिने काय काय मोजता येत होते आणि काय येत नव्हते, एवढाच प्रश्न आहे.

आराम शरीराला का वाटतो?

हा आराम योगायोगाने आलेला नव्हता. मॉरिस ऑली हा इंग्रज अभियंता रोल्स रॉइसमधून १९३० मध्ये जनरल मोटर्सकडे, कॅडिलॅकमध्ये आला. चांगली चाल मोजायची कशी, हे त्याच्यापुढचे कोडे होते. त्याने एका मोठ्या कॅडिलॅकवर पुढे-मागे हलवता येतील अशी वजने लावली, स्प्रिंगा बदलत गेला आणि आत बसलेल्यांना विचारत गेला की आता कसे वाटते. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ ठेवल्या तर उंचवट्यावरून जाताना गाडी पुढे-मागे झुलत नाही, सपाट राहते, हे त्याच्या लक्षात आले. १९३४ पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुढची दोन चाके स्वतंत्रपणे वर-खाली होऊ लागली. एका चाकाचा खड्डा दुसऱ्या चाकाला कळेनासा झाला.

यामागचे शरीरशास्त्र सोपे आहे. बसलेल्या माणसाच्या धडाला सेकंदाला ४ ते ८ कंपने सर्वांत जास्त त्रास देतात. या वेगाने हादरे बसले की पोटातले अवयव आणि पाठीचा कणा जणू त्या तालावर नाचू लागतात. बैलगाडीत किंवा जुन्या एसटीच्या मागच्या बाकावर तुम्ही हे अनुभवले असेल. उलट, सेकंदाला साधारण एक संथ झोका शरीराला सुखाचा वाटतो. पाळण्यातल्या बाळाला विचारा! अमेरिकन गाड्यांच्या स्प्रिंगा मुद्दाम या संथ झोक्याच्या आसपास ठेवलेल्या असत. झोका याहूनही बराच संथ झाला, म्हणजे पाच-सहा सेकंदांना एक, की मळमळ सुरू होते. बोट लागते ती यामुळे. मोठ्या गाडीत वळणावळणाच्या रस्त्यावर मागे बसलेल्या मुलांना उलट्या होत, त्यात या हेलकाव्यांचा वाटा होता.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपल्या अंतर्कर्णात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तिला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. विमान ताशी ८०० किलोमीटरने जात असताना तुम्ही निवांत चहा पिता, ते यामुळेच. रस्त्यावर वेगाचा अंदाज आपण हादऱ्यांवरून, इंजिनाच्या आणि वाऱ्याच्या आवाजावरून बांधतो. मोठ्या अमेरिकन गाडीने नेमक्या या खुणा पुसून टाकल्या. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत लांबलचक महामार्गांचे जाळे विणायला सुरुवात झाली. त्यावर ही गाडी ताशी ११० किलोमीटरने धावत असताना आतल्या माणसाच्या शरीराला मात्र आपण घरी बसलो आहोत असे वाटत होते.

मऊपणाची किंमत

मऊ स्प्रिंग म्हणजे वळणावर गाडी कलणार, ब्रेक दाबला की नाक खाली घालणार. पॉवर स्टिअरिंग १९५१ पासून आले आणि हळूहळू एका बोटाने चाक फिरू लागले. हाताला हलके वाटले, पण टायर रस्त्याला किती धरून आहेत हे हाताला कळणेही कमी झाले. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. दीड-पावणेदोन टनांची गाडी घाटातून उतरताना ड्रम तापत आणि ब्रेकची पकड कमी होत जाई.

शहरात, सरळ रस्त्यावर, संथ चालवताना यातले काहीही मालकाला जाणवत नसे. त्यामुळे तो "गाडी छान चालते" असे लिही, आणि ते त्याच्या अनुभवापुरते खरेच होते. अडचण अशी, की बहुतेक मालकांनी अपघात अनुभवलेलाच नव्हता, आणि ज्यांनी सर्वांत वाईट अनुभव घेतला ते प्रश्नावली भरायला उरले नव्हते. आम्हा डॉक्टरांना हे गणित ओळखीचे आहे. "माझे आजोबा रोज विडी ओढायचे, नव्वदीपर्यंत जगले" हे सांगणारा नातू भेटतो. पन्नाशीत गेलेल्याची गोष्ट सांगायला अनेकदा कोणी येत नाही.

गाडीच्या आत डोकावणारे डॉक्टर

डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. तिथे क्लेअर स्ट्रेथ नावाचे प्लास्टिक सर्जन होते. १९३० च्या दशकात त्यांच्याकडे चेहरा फाटलेले, जबडा मोडलेले रुग्ण सतत येत. त्यात ड्रायव्हरच्या शेजारी बसणारे खूप. स्ट्रेथ यांना जखमांचा नमुना दिसला: डॅशबोर्डवरची बाहेर आलेली बटणे, धातूच्या कडा, समोरची काच. चेहरे शिवता शिवता ते कंपन्यांना सांगू लागले की डॅशबोर्डला गादी लावा, बटणे आत घ्या. १९३७ च्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांत बटणे आत गेलीही. पण बहुतेक कंपन्यांचे डॅशबोर्ड आणखी दोन-तीन दशके चकाकत्या धातूचेच राहिले.

ह्यू डीहेवन डॉक्टर नव्हते. पहिल्या महायुद्धात वैमानिकाचे शिक्षण घेताना १९१७ मध्ये त्यांचे विमान आदळले. ते वाचले, पण पट्ट्याच्या बक्कलने पोटात गंभीर इजा झाली. आपण का वाचलो, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. १९४२ मध्ये त्यांनी उंच इमारतींवरून पडूनही जगलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तर असे निघाले की पडण्याची उंची हा हिशेबाचा एक भाग, आणि थांबायला किती अंतर मिळाले हा दुसरा. मऊ मातीने काही सेंटिमीटर दिले की माणूस जगतो. पुढे कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी पोलिसांकडून आणि डॉक्टरांकडून मोटार अपघातांची माहिती गोळा करण्याचे काम उभे केले. त्यातून एक मोठा गैरसमज मोडला. "दार उघडून बाहेर फेकला गेला म्हणून वाचला" असे आपण आजही म्हणतो. आकडे उलटे होते: बाहेर फेकले जाणाऱ्यांचा मृत्यूचा धोका आत राहणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होता.

जॉन पॉल स्टॅप हे अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर. मानवी शरीर किती धक्का सोसू शकते हे पाहण्यासाठी ते स्वतःच रॉकेट लावलेल्या गाडीवर बसले. १० डिसेंबर १९५४ रोजी ताशी १,०१७ किलोमीटर वेगावरून ती गाडी १.४ सेकंदांत थांबली. शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट बल आले. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेनासे झाले, पण ते बरे झाले. कारण ते पट्ट्यांनी आसनाला घट्ट बांधलेले होते. हवाई दलाचे जवान विमानांपेक्षा मोटार अपघातांत जास्त मरतात हे लक्षात आल्यावर स्टॅप यांनी आपली विद्या रस्त्याकडे वळवली. १९५५ पासून त्यांच्या नावाने अपघातशास्त्राची परिषद भरते.

याच काळात डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात न्यूरोसर्जन गर्डजियन आणि अभियंता लिस्नर कवटी किती धक्क्याला तडकते हे देहदान केलेल्यांच्या शरीरांवर मोजत होते. त्यांचे सहकारी लॉरेन्स पॅट्रिक तर कित्येकदा स्वतःच चाचणीच्या खुर्चीत बसले. आज टक्कर चाचणीत वापरतात त्या पुतळ्यांच्या डोक्याला किती धक्का घातक मानायचा, याचे मूळ त्या मोजमापांत आहे.

दुसरी टक्कर

या सर्वांच्या कामाचे सार 'दुसरी टक्कर' या दोन शब्दांत सांगतात. पहिली टक्कर गाडीची, झाडाशी किंवा दुसऱ्या गाडीशी. दुसरी टक्कर तुमची, गाडीच्या आतल्या भागाशी. मी त्यात तिसरी जोडतो: तुमच्या अवयवांची, तुमच्याच हाडांच्या पिंजऱ्याशी.

थोडे गणित करू. ताशी ५० किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडणे. गाडीचा पुढचा भाग चुरगळला आणि पट्ट्याने तुम्हाला आसनाशी धरून ठेवले, तर थांबायला समजा ६० सेंटिमीटर मिळतात. अंगावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १६ पट बल येते. स्टॅप यांनी याच्या जवळजवळ तिप्पट सोसले होते. पट्टा नसेल, तर गाडी थांबली तरी तुम्ही त्याच वेगाने पुढे जाता आणि डॅशबोर्डवर ५ सेंटिमीटरांत थांबता. तेव्हा बल सुमारे २०० पट होते. गाडी तीच, वेग तोच.

आता १९५० च्या दशकातली मोठी गाडी आठवा. पट्टा नाही. धातूचा डॅशबोर्ड. स्टिअरिंगचा दांडा एकसंध लोखंडी, समोरून गाडी चेपली की भाल्यासारखा छातीकडे येणारा. समोरच्या काचेतून डोके सहज आरपार जाई आणि चेहरा-गळा कापला जाई. दारांचे लॅच धक्क्याने उघडत. गादी मात्र मऊ.

स्टिअरिंग छातीवर आदळणे काय असते हे मी पाहिले आहे. रेसिडेंट असताना रात्रीच्या ड्यूटीवर एक जीप ड्रायव्हर आला. झाडावर आदळला होता. वय तीस-बत्तीस. छातीवर चाकाच्या आकाराचा हलका लाल वळ, बाकी काही नाही. स्वतः चालत आला. "डॉक्टर, मला काही होत नाही, घरी सोडा" असे पुन्हा पुन्हा म्हणत होता. आम्ही एक्स-रेला पाठवायच्या तयारीत असतानाच तो कोसळला. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, आतून फाटली होती. गाडी थांबली, छाती थांबली, पण आतले हृदय पुढे जात राहिले आणि धमनी जिथे मागे घट्ट धरलेली असते तिथे तिला चीर पडली. तिसरी टक्कर. "मला काही होत नाही" हे वाक्य मी तेव्हापासून कधीच पुरावा म्हणून धरत नाही.

मालकांना काय हवे होते?

१९५६ साली फोर्डने एक धाडस केले. मधोमध खोलगट स्टिअरिंग आणि न उघडणारे लॅच सर्व गाड्यांना दिले. पट्टे आणि डॅशबोर्डची गादी जादा पैसे भरून मिळे. जाहिरातही सुरक्षिततेची केली. त्या वर्षी शेव्हरोलेने फोर्डपेक्षा जास्त गाड्या विकल्या, आणि 'सुरक्षितता खपत नाही' हा समज उद्योगात घट्ट रुजला. १९५९ मध्ये स्वीडनमध्ये व्होल्वोचे अभियंता निल्स बोहलिन यांनी खांदा आणि कंबर एकत्र धरणारा तीन बिंदूंचा पट्टा आणला. तुमच्या गाडीत आज आहे तोच. अमेरिकन मालक मात्र पंख आणि क्रोम यांवर खूश होते.

१९६५ च्या अखेरीस राल्फ नेडर या तरुण वकिलाचे 'अनसेफ अॅट एनी स्पीड' प्रसिद्ध झाले. गाजले ते शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअर या लहान गाडीवरचे प्रकरण, पण पुस्तकाचा रोख सर्वच गाड्यांच्या आतल्या भागावर होता. जनरल मोटर्सने नेडर यांच्यामागे खासगी गुप्तहेर लावले. ते उघड झाले आणि कंपनीच्या अध्यक्षांना सिनेट समितीपुढे माफी मागावी लागली. ९ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षा कायद्यावर सही केली. त्या वर्षी अमेरिकेच्या रस्त्यांवर ५० हजारांहून अधिक माणसे मेली होती.

नव्या खात्याचे पहिले प्रमुख नेमले गेले ते एक डॉक्टर: विल्यम हॅडन, सार्वजनिक आरोग्याचे तज्ज्ञ. त्यांना 'अपघात' हा शब्दच आवडत नसे, कारण त्यात नशिबाचा वास येतो. त्यांनी साथीच्या रोगाचे सूत्र रस्त्याला लावले. मलेरियात माणूस, जंतू आणि परिसर असे तीन घटक पाहतो. रस्त्यावर माणूस, वाहनातून येणारी ऊर्जा आणि परिसर. आणि तिन्हीकडे तीन वेळा पाहायचे: टक्कर होण्याआधी, होताना आणि झाल्यावर. फक्त "ड्रायव्हर नीट चालवत नाही" म्हणणे म्हणजे मलेरियात रुग्णाला दोष देऊन डबके तसेच ठेवणे.

१९६८ पासून अमेरिकेत नव्या गाडीत पट्टे आणि धक्का बसल्यावर आत दुमडणारा स्टिअरिंगचा दांडा सक्तीचे झाले. समोरच्या काचेतला मधला थर त्याआधीच जाड झाला होता.

पट्टा बसवला, पण लावणार कोण? १९७४ च्या मॉडेलांत पुढचा पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही अशी व्यवस्था केली. मालक इतके वैतागले की विचारू नका. शेजारच्या सीटवर किराणा सामानाची पिशवी ठेवली तरी गाडीला वाटे की माणूस बसला आहे. वर्ष संपायच्या आत संसदेने ही सक्ती कायद्याने बंद केली. एअरबॅगचेही तसेच. जनरल मोटर्सने १९७३ मध्ये एअरबॅग असलेल्या १,००० इम्पाला बनवल्या आणि १९७४ ते १९७६ या काळात मोठ्या गाड्यांत ती जादा पैशांत देऊ केली. जेमतेम १० हजार गाड्या खपल्या. मग ती बंद झाली आणि सर्व गाड्यांत सक्तीची व्हायला १९९० चे दशक उजाडले.

मोठी म्हणजे सुरक्षित? अर्धे खरे

काकांच्या बोलण्यात तथ्यही आहे. दोन हजार किलोची आणि एक हजार किलोची गाडी ताशी ५० ने समोरासमोर आदळल्या, तर जड गाडीच्या वेगात ३३ चा बदल होतो आणि हलक्या गाडीच्या वेगात ६७ चा. म्हणजे जड गाडीतल्यांना धक्का निम्मा. पण लक्षात घ्या, तो वाचलेला धक्का समोरच्याच्या वाट्याला गेला. आणि समोर झाड, पुलाचा कठडा किंवा ट्रक असेल, तर वजनाचा हा फायदा जवळजवळ संपतो. हॉलीवूडची अभिनेत्री जेन मॅन्सफिल्ड १९६७ मध्ये ब्यूइक इलेक्ट्रा या भल्यामोठ्या गाडीत पुढे बसली होती. गाडी ट्रेलरच्या मागून खाली घुसली. पुढचे तिघेही मोठे गेले, मागे बसलेली तीन मुले वाचली.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर मोठ्या गाड्यांना वजन उतरवावे लागले. १९७७ ची इम्पाला आणि कॅप्रिस आधीपेक्षा आखूड आणि कित्येक किलोंनी हलक्या झाल्या. आतली जागा मात्र कमी वाटेना आणि वळणावर त्या जास्त ताब्यात राहत. लोकांनी त्या उचलून घेतल्या.

खरी परीक्षा २००९ मध्ये झाली. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेला ५० वर्षे झाली. याच संस्थेचे पुढे हॅडन प्रमुख झाले होते. संस्थेने १९५९ ची बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या ताशी ६४ किलोमीटरने समोरासमोर, ड्रायव्हरच्या बाजूने आदळवल्या. वजनात फार फरक नव्हता. मालिबूचे नाक चुरगळले, पण माणसाचा कप्पा जसाच्या तसा राहिला. आतल्या पुतळ्याच्या मोजमापांनुसार ड्रायव्हरला पायाची किरकोळ दुखापत झाली असती. बेल एअरचा माणसाचा कप्पाच कोलमडला, स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड ड्रायव्हरवर आले. तो वाचला नसता. जुन्या गाड्यांचे चाहते चिडले. बेल एअरमध्ये इंजिनच नव्हते असा आरोप झाला. इंजिन होते, सहा सिलिंडरचे.

हे काकांना मोबाइलवर दाखवले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे नवी गाडी चेपते ती मुद्दाम?" होय. ती स्वतः चेपते आणि तुम्हाला थांबायला अंतर देते. पत्र्याने मार खायचा, माणसाने नाही. अमेरिकन सरकारच्या हिशेबाने १९६० ते २०१२ या काळात वाहनांतल्या सुरक्षा सोयींनी ६ लाखांहून अधिक जीव वाचवले. त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या पट्ट्याने.

इम्पाला २०२० मध्ये बंद झाली. अमेरिकन कुटुंबे आता उंच एसयूव्हीत बसतात आणि "उंच आहे, मोठी आहे, सुरक्षित वाटते" असे म्हणतात. वाक्य ओळखीचे वाटले ना? आतल्यांसाठी या गाड्या बऱ्याच सुरक्षित आहेत, पण बाहेर पायी चालणाऱ्यांचे मृत्यू अमेरिकेत २००९ मधल्या सुमारे ४,१०० वरून २०२२ मध्ये ७ हजारांच्या पुढे गेले. त्याला कारणे अनेक आहेत. गाड्यांची वाढती उंची त्यातले एक मानले जाते.

आपण काय करायचे?

भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजार माणसे गेली. त्यातल्या १६ हजारांहून अधिक जणांनी पट्टा लावलेला नव्हता, आणि त्यात जवळजवळ निम्मे प्रवासी होते. म्हणून थोडक्यात:

• मागच्या आसनावरही पट्टा लावा. आपल्याकडे तो कायद्याने सक्तीचा आहे. मागचा मोकळा माणूस टकरीत पुढच्याच्या मानेवर जाऊन आदळतो.
• कमरेचा पट्टा पोटावर नको, खाली कमरेच्या हाडावर हवा. गरोदर स्त्रीनेही पट्टा लावावा: कमरेचा भाग पोटाच्या खालून, खांद्याचा भाग स्तनांच्या मधून.
• लहान मूल मांडीवर घेऊन पुढे बसू नका. एअरबॅग उघडली तर ती मुलावर उघडते. मूल मागे, त्याच्या वयाच्या सीटमध्ये.
• डोक्यामागची उशी डोक्याच्या उंचीला आणा, मानेच्या नाही.
• गाडी घेताना टकरीच्या चाचणीतले तारे पाहा. २०२३ पासून भारत एनकॅपचे निकाल मिळतात.
• अपघातानंतर छातीवर किंवा पोटावर वळ असेल, तर "काही होत नाही" म्हणून घरी जाऊ नका. काही तास डॉक्टरांच्या नजरेखाली राहा.

आता एक कबुली. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी माझ्या गाडीच्या मागच्या आसनावर बसून पट्टा लावून पाहिला. बक्कल सापडेना. चार वर्षांपूर्वी घातलेल्या मऊ, महागड्या सीट कव्हरखाली ती तिन्हीच्या तिन्ही गाडली गेली होती. चार वर्षे माझी आई त्या आसनावर बसून देवदर्शनाला जात होती आणि "गाडी फार आरामाची आहे हो" असे सगळ्यांना सांगत होती.

कात्री घेतली आणि कव्हर कापले. तुम्हीही आज संध्याकाळी जाऊन एकदा मागे हात घालून पाहा.